मराठीच्या ओट्यावरची हिब्रू

1832 साली मुंबईत हिब्रू भाषेचं एक प्राथमिक व्याकरण छापलं गेलं, आणि ते मराठीतून समजावलेलं होतं. लेखक होते स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन. तीन वर्षांपूर्वीच ते या शहरात आले होते. आधी बाणकोट आणि हर्णैला राहून त्यांनी मराठी शिकून घेतली आणि मग गिरगावात अंब्रोलीला शाळा काढली. आजच्या विल्सन कॉलेजाचं मूळ त्या शाळेत आहे. हिब्रू शिकायला मराठीची वाट घ्यावी असं त्यांना का वाटलं, याचं उत्तर कोकणात सापडतं.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच वसली, असं बेने इस्राएल हा ज्यू समाज सांगत आला आहे. गावोगाव त्यांनी तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर. भाषा मराठीच झाली. हिब्रूतली ‘शमा’ ही प्रार्थना मात्र ओठांवर टिकली. शब्द पाठ होते, पण व्याकरण उरलं नव्हतं.

अठराव्या शतकात ही कुटुंबं मुंबईत येऊ लागली. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये मांडवीला शहरातलं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. हा समाज प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत असे. वडाळ्याहून हार्बरच्या गाडीने दक्षिणेकडे निघालं, की डॉकयार्ड रोडला माझगाव येतं, पुढे सँडहर्स्ट रोड, मग मशीद बंदर. हिब्रूच्या मुंबईतल्या शिक्षणाची काही ठिकाणं याच पट्ट्यात आहेत.

मंदिर झालं तरी अडचण होतीच. उपासनेत वाचली जाणारी तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी स्वरचिन्हांशिवाय लिहिलेली असते. हिब्रूची 22 अक्षरं सगळी व्यंजनं. स्वर दाखवणारे बिंदू आणि रेघा इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात विद्वानांनी ठरवल्या, पण त्या पोथीत उतरल्या, गुंडाळीत नाहीत. नुसत्या व्यंजनांवरून शब्द ओळखायचा तर भाषेची घडण माहीत हवी. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी पठण आणि विधी शिकवले. व्याकरणाची गरज विल्सनच्या पुस्तकाने ओळखली.

विल्सनचा हेतू धर्मप्रसाराचा होता. मूळ शास्त्र वाचता आलं तर ही मंडळी ख्रिस्ताकडे वळतील, असं मिशनऱ्यांना वाटे. बेने इस्राएलांनी मुलं मिशनच्या शाळांत पाठवली, व्याकरण आत्मसात केलं आणि धर्म स्वतःचाच ठेवला. धर्मांतर केलेले फारच थोडे. मूळ ग्रंथ वाचता येऊ लागल्यावर त्यांची आपल्या परंपरेशी जवळीक उलट वाढली. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. व्याकरण देणाऱ्याला अर्थ ठरवून देता येत नाही. तो शिकणाऱ्याच्या हाती जातो.

पुढच्या पिढीने ते दाखवून दिलं. 1834 साली जन्मलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर विल्सनच्याच शाळेत शिकले आणि डेव्हिड ससून यांच्या शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते आणि 1879 पासून फेलो. ज्यूंच्या जवळजवळ सगळ्या प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी हिब्रू-मराठीत निघाली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका इथल्याच पोशाखात आहेत. हाइम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने 1875 मध्ये समाजाची स्वतःची शाळा सुरू झाली. तीच पुढे माझगावची एली कदूरी शाळा झाली.

मराठीतून हिब्रू शिकणाऱ्याला काही गोष्टी आयत्याच मिळतात. हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळावर उभा असतो. क-त-व या मुळापासून कातव म्हणजे त्याने लिहिलं, कोतेव म्हणजे लिहिणारा, मिख्ताव म्हणजे लिखाण. ज्याने शाळेत कृ धातूपासून कर्ता, कर्म, कार्य, कृती अशी रांग लावली आहे, त्याला हा विचार परका नाही. अक्षराच्या खाली-वर बसणारी स्वरचिन्हं काना, मात्रा, उकाराच्या सवयीत बसतात. वळवून घ्यावी लागते ती नजर, कारण ओळ उजवीकडून डावीकडे जाते.

सर्वांत मोठी जवळीक क्रियापदात आहे. हालाख म्हणजे तो गेला, हाल्खा म्हणजे ती गेली, हालाख्ता म्हणजे तू गेलास आणि हालाख्त म्हणजे तू गेलीस. बोलणं कोणाशी चाललं आहे, पुरुषाशी की स्त्रीशी, हे हिब्रूत क्रियापदच सांगतं, आणि मराठीतही. इंग्रजीत ही खूण उरत नाही. बायबलमधल्या गीतरत्नासारख्या संवादरूप काव्यात कोण कोणाशी बोलतं आहे हे इंग्रजी वाचकाला टिपेतून कळतं. हिब्रू वाचणाऱ्या मराठी माणसाला ते पुष्कळदा क्रियापदातच दिसतं.

शास्त्राचा अर्थ लावताना यामुळे किती फरक पडतो, हे बायबलच्या 68व्या स्तोत्राच्या अकराव्या वचनात दिसतं. मूळ हिब्रूत त्याचा क्रमांक बारावा. तिथे शुभवार्ता सांगणाऱ्यांचा मोठा समुदाय आहे, आणि मूळ शब्द स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात त्या बायका आहेत हे कळत नाही. 1885 च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत त्या उघड झाल्या. शब्दाचं लिंग ओळखण्यापुरती हिब्रू येत असेल, तरी हा भेद कोणाच्याही मदतीशिवाय दिसतो.

मराठीच्या या वाटेने सर्वांत लांब गेल्या पंडिता रमाबाई. संस्कृत त्यांना लहानपणी आई-वडिलांकडूनच मिळालं होतं. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होतं आणि केडगावच्या मुक्ती सदनातल्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना ते अवघड जाई. त्यांना समजेल अशा सोप्या मराठीत शास्त्र आणायचं म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि मुळाबरहुकूम भाषांतर हाती घेतलं. खिळे जुळवण्याचं आणि छपाईचं काम सदनातल्या बायकांनीच शिकून केलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा शेवटची मुद्रितं तपासून झाली होती. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. ज्यांना शास्त्र दुसऱ्यांकडून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, त्यांच्यासाठी एका बाईने मुळापर्यंत जाऊन ते आणलं.

प्राथमिक हिब्रूने कोणी पंडित होत नाही, आणि चार नियम शिकून जुन्या भाष्यकारांना खोडून काढायला निघणं अपुरेपणाचंच लक्षण आहे. पण अक्षरं, स्वरचिन्हं, धातू आणि लिंग-वचन एवढं आलं तरी दोन भाषांतरं कुठे वेगळी पडतात आणि का, हे तपासता येतं. बरेच कोश मुळाप्रमाणे लावलेले असतात, त्यांत मूळ ओळखलं की शब्द सापडतो. मुंबईत आज हिब्रू शिकू पाहणारे बहुतेक जण इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडतात. ते जरूर उघडावं, पण क्रियापदांचा तक्ता आला की शेजारी मराठी रूपं लिहावीत. जे इंग्रजीत नियम म्हणून घोकावं लागतं, त्यातलं पुष्कळ आपण रोज बोलत असतो.