दीवच्या समुद्रातली ती रात्र

२-३ डिसेंबर १९७१, रात्र. मुंबईहून भारताचा पश्चिम ताफा बाहेर पडतो. पाण्याखाली पाकिस्तानच्या कमांडर अहमद तस्नीम यांची ‘हँगोर’ आहे, फ्रेंच बनावटीची डॅफ्ने वर्गातली पाणबुडी. भारत-पाक युद्ध अजून सुरू नाही, म्हणून ती गप्प राहते.

८ डिसेंबर. दीवलगतच्या समुद्रात पाणबुडी असल्याचा सुगावा लागलेला. तिच्या मागावर मुंबईहून ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या भारतीय युद्धनौका निघतात. जोडीची ‘कुठार’ बॉयलर बिघडल्याने यात नाही. खुकरीवर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला.

९ डिसेंबर, सकाळ. हँगोरला दोन जहाजांची चाहूल लागते. ती पाठलाग सुरू करते, म्हणजे शिकार करायला आलेल्यांचीच शिकार. तिला दूरचं ऐकू येतं, खुकरीच्या सोनारला, म्हणजे ध्वनीने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राला, जवळचंच. उष्ण समुद्रात पाण्याच्या थरांमुळे ध्वनिलहरी वाकतात आणि खुकरीवरची ब्रिटिश यंत्रं उघडी पडतात.

संध्याकाळ. यावरच उपाय म्हणून खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन यांनी सोनारला जोडलेल्या नव्या उपकरणाची चाचणी चालू आहे. त्यासाठी वेग कमी हवा. जहाज साधारण १२ नॉटने चाललंय. पाणबुडीच्या टापूत संथ चालणं म्हणजे आयतं सावज. माझ्या मते हा जुगार होता, पण मूर्खपणा नव्हता. जुन्या सोनारवर विसंबून वेगाने धावणं हाही आंधळेपणाच होता. हँगोर आता त्यांच्या वाटेवर येऊन थांबलीय.

रात्री पावणेनऊच्या सुमारास. खुकरीवर रेडिओच्या बातम्या लागलेल्या. हँगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणकडे, तो फुटतच नाही. दुसरा खुकरीच्या तळाखाली, दारूगोळ्याच्या कोठारापाशी. वीज जाते, जहाज कलंडतं, शिड्यांवर माणसांची झुंबड. मुल्ला स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला देऊन ब्रिजवरच राहतात.

दोनेक मिनिटांनंतर. खुकरी पाण्याखाली. किरपाणची पाणबुडीविरोधी तोफ ऐन वेळी दगा देते; टॉर्पेडो चुकवत ती दूर जाते.

१० डिसेंबर, सकाळ. किरपाण ‘कच्छल’ या युद्धनौकेला घेऊन परतते. वाचलेले ६७. गेलेले १८ अधिकारी, १७६ खलाशी. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र. विमानं, हेलिकॉप्टरं आणि जहाजं हँगोरच्या शोधात चार दिवस समुद्र धुंडाळतात. हँगोर निसटून कराची गाठते.