चढणीचे मासे आणि खाडीची चिंबोरी

आज थोडे नदीवर जाऊ या. जाळे, गळ, बॅटरी घरीच ठेवा. आज फक्त गोष्टी बोलायच्या.

वरंधा घाटाच्या माथ्यावर उभे राहिलात की पावसाच्या एका सरीची दोन घरे होतात. अलीकडे पडलेले पाणी नीरेत जाते, नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि सारा देश ओलांडून ते पाणी बंगालच्या उपसागराला पोचते. पलीकडे पडलेले पाणी मात्र सावित्रीच्या खोऱ्यात उतरते आणि महाडावरून बाणकोटला समुद्रास मिळते. एकाला शेकडो कोसांचा प्रवास, दुसऱ्याला एका-दोन दिवसांचा. म्हणूनच नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या आपल्या नद्यांना भरती-ओहोटी ठाऊक नाही. ती पाहायची तर घाट उतरावा लागतो. आपली माणसे तो पिढ्यान् पिढ्या उतरत आलेली आहेत. वरंध्याने, मढे घाटाने, बोचेघोळीने. तानाजी मालुसऱ्यांचा देह 1670 साली मढे घाटानेच उमरठ्याला नेला असे लोक सांगतात. पण रोजची वाहतूक साधी होती. धान्य, गूळ खाली. मीठ आणि सुकी मासळी वर. मावळातल्या गरिबाच्या भाकरीबरोबर जे सुकट-बोंबील आले ते या वाटांनी, माणसाच्या डोक्यावरून आणि बैलाच्या पाठीवरून.

महाड हे त्या काळी बंदरच होते, हे आज एस.टी.ने जाणाऱ्याला खरे वाटत नाही. खाडीच्या तोंडाशी बाणकोटचा किल्ला. तो 1756 च्या तहाने इंग्रजांकडे गेला. आपल्या किनाऱ्यावर त्यांना मिळालेल्या पहिल्या जागांपैकी ही एक. आत दासगावपर्यंत बोटी येत. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून जलमार्गानेच आले आणि दासगावला उतरले. तर अशा या खाडीवर घाटावरचा माणूस पहिल्यांदा मासे धरायला गेला, की त्याची फजिती ठरलेली. नदी उलटी वाहते म्हणजे काय, हे त्याला कळतच नाही! सकाळी जिथे गुडघाभर चिखल होता तिथे दुपारी पुरुषभर पाणी.

खाडीकाठची माणसे यासाठी घड्याळ बघत नाहीत, तिथी बघतात. हिशेब सोपा आहे, गुरुजींनी मुलांकडून फळ्यावर करून घेण्याजोगा. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. साधारण तितके वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी, आणि दोन भरतींच्या मधोमध ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, म्हणून ही पाऊणपट. पण सावध राहा. हे गणित उघड्या किनाऱ्याचे. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, आणि तो उशीर किती हे तिथल्या कोळ्याला विचारूनच घ्यावे लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी सुस्त. चिखलात, तिवरांच्या मुळांशी चिंबोरीची बिळे असतात. ओहोटीला बिळात लोखंडी आकडी घालून ती ओढून काढतात, नाहीतर आमिष बांधलेला फग पाण्यात सोडतात. हात घालण्याची घाई नवख्याने करू नये; तिच्या नांगीने बोट फोडलेली माणसे खाडीकाठच्या गावांत भेटतात.

आता या चिंबोरीत आणि आपल्या मुठ्याच्या काळ्या खेकड्यात एक फरक आहे. तो मोठा मनोरंजक आहे, आणि आपल्या पोटाशी त्याचा संबंध आहे. खाडीची चिंबोरी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. तिची पिल्ले आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात पाण्यावर तरंगतात, पुष्कळ रूपे पालटतात आणि मग खेकडा होतात. अंडी लाखांनी. आपल्या ओढ्यातल्या खेकडीला समुद्र कुठला? ती अंडी पोटाखालच्या रुंद पाळीत धरते. पिल्ले तिथेच पुरी घडतात आणि इवल्या खेकड्यांच्या रूपातच बाहेर येतात. अंडी थोडी, पण आईची राखण पक्की. खेकडा उलथा करून पाहा. पाळी अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, वाटोळी असेल तर मादी. उन्हाळाभर हा प्राणी बांधातल्या खोल बिळात पडून असतो आणि मृगाच्या सरी आल्या की बाहेर पडतो. आपण बत्त्या घेऊन निघतो तेही नेमके तेव्हाच. एका रात्रीत पोतेभर धरणारा माणूस पुष्कळदा पोटाशी पिल्ले धरलेल्या आयाच पोत्यात भरत असतो. पूर्वी कालवणापुरते धरीत. आता ते वाहनाने शहराच्या बाजारात जातात. फरक पडला तो इथे.

माशांचेही तसेच. पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्यांत, भातखाचरांत शिरतात आणि अंडी घालतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, घाटाखाली वलगणीचे म्हणतात. कातकरी बंधूंची या कामातली नजर काय सांगावी! पाण्यावरची थरथर पाहून आत कोणता मासा आहे ते ते सांगतात.

अशीच नजर असलेल्या माणसांना विचारीत एक परका साहेब आपल्या मुलखात हिंडला होता. कर्नल साइक्स त्याचे नाव. मुंबई सरकारने 1824 पासून दख्खनची मोजदाद त्याच्याकडे दिली होती. लोकसंख्या, पिके, पक्षी, मासे, सारे त्याने टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध 1839 सालचा. त्याआधी 1836 मध्ये आपल्या जमिनीवरच्या खेकड्यांवर वेस्टवूड नावाच्या विद्वानाबरोबर त्याचे टिपण निघाले होते. साइक्सची एक गोष्ट मला फार आवडते. शास्त्रातली नावे लॅटिनमध्ये पाडायची रीत असताना त्याने पुष्कळ माशांना नदीकाठची मराठी नावेच लावली. खुद्री, कोळस, शिंगटी, नुक्ता ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत त्या माशांच्या शास्त्रीय नावांना चिकटून आहेत. पुण्याच्या परिसरातल्या कुणा अक्षरशून्य मासेमाराच्या तोंडचा शब्द लंडनला पोचला आणि तिथेच राहिला. नाव सांगणाऱ्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

साइक्स हिंडला तेव्हा नदी मोकळी होती. पुढे भाटघरला वेळवंडीवर पहिले धरण 1880 नंतरच्या दशकात झाले, त्याहून मोठे 1928 च्या सुमारास, आणि जुने धरणही नव्याच्या पाण्यात गेले. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. पाणी आटले की उन्हाळ्यात कांबऱ्याचे महादेवाचे देऊळ वर येते, ते तुम्ही पाहिले असेल. वेल्ह्याकडे आंबी नदीवर पानशेत. ते 12 जुलै 1961 रोजी फुटून पुण्यात हाहाकार झाला, मग पुन्हा बांधले गेले. या धरणांनी नीरेच्या काठी ऊस पिकवला, पुण्याला पाणी दिले, हे खरेच आहे. पण ज्यांच्या जमिनी बुडाल्या ती माणसे डोंगराच्या कडेला सरकली. आणि माशांची चढण भिंतीपाशी थांबली. मासा भिंत चढत नाही. जलाशयात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडतात, त्यावर कित्येकांचा संसार चालतो. हे उत्तरेकडचे पाहुणे. चिलापी तर आफ्रिकेची; ती 1952 साली भारतात आली आणि आता घरचीच होऊन बसली आहे. वाहत्या पाण्याची खुद्री, जिला पुस्तकात महसीर म्हणतात, ती मात्र दुर्मीळ झाली. लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर 1970 च्या सुमारापासून तिची अंडी कृत्रिम रीतीने उबवण्याचे काम झाले, म्हणून तिचे बीज तरी मिळू शकते.

ती मोकळी पाहायची असेल तर पुन्हा घाटच उतरा. महाडच्या बाजूला काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे, काठी वरदायिनीचे ठाणे. त्या डोहात गावकरी गळ टाकीत नाहीत आणि दुसऱ्यालाही टाकू देत नाहीत. मुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे पाठी दाखवीत वर येतात.