कुरण, रमणा आणि काळवीट

सुलतान बाजारातून विजयवाडा रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर गेले की वनस्थलीपुरम् लागते. या वसाहतीला नाव देणारी ‘महावीर हरिण वनस्थली’ ही एकेकाळी निझामाची शिकारगाह होती. आपल्या जुन्या मराठीत अशा राखीव रानास ‘रमणा’, सरकारी घोड्यांसाठी राखलेल्या गवताळ जमिनीस ‘कुरण’ आणि गावच्या गुरांसाठी सोडलेल्या जमिनीस ‘गायरान’ म्हणत. गवत राखल्यावाचून टिकत नाही, हा अनुभव या तिन्ही शब्दांमागे आहे.

राखणाऱ्याचा हेतू मात्र नेहमीच उदात्त होता असे नाही. पेशवाईत कुरणांच्या गवतासाठी रयतेला वेठीस धरले जाई. शिकारगाहीतले काळवीट तर बंदुकीसाठीच राखले जात. तरीही नांगर दूर राहिल्याने गवत वाचले आणि गवतामुळे काळवीट. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवानिमित्त 1975 मध्ये या रानाला त्यांचे नाव मिळाले आणि 1994 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र अवघे 14.59 चौरस किलोमीटर आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या तुकड्यांवर गवत वाढले आणि माळढोक तेथे स्थिरावला. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झाले, ते मात्र सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचे! शेते, गावे, वाड्या सारे त्यात आले. निर्बंधांमुळे शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे क्षेत्र सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. माळ म्हणजे पडीक जमीन, या समजुतीने केलेली वृक्षलागवडही नडली, कारण या पक्ष्याला उघडा माळच लागतो. काळवीट मात्र वाढले आणि पिकांत शिरू लागले.

नकाशावर रेघ ओढून कुरण राखले जात नाही, हे यावरून दिसते. चराई बेसुमार झाली तर गवत मुळासकट जाते. सरसकट बंद केली तर गुराखी दुरावतो. पावसाळ्यात गवताला बी धरेपर्यंत बंदी, नंतर आळीपाळीने चराई, कापणीचा हक्क गावाला आणि पिकाची भरपाई वेळेवर, एवढी व्यवस्था तरी हवी. जुना रमणा राजाच्या धाकाने टिकला. आजचे गायरान टिकायचे तर त्यात गावाचा वाटा असला पाहिजे.