काळी आई, पांढरी आणि इनामगावची मूर्ती

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने यवतकडे निघाले की हॉटेलांच्या आणि मटणाच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘बोल्हाईचे मटण मिळेल’ हे शब्द हमखास दिसतात. परमुलखातल्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही. वाडे बोल्हाई हे हवेली तालुक्यातले गाव. तिथली देवी बोल्हाई. तिला मानणारे लोक शेळी-बोकडाचे मटण खात नाहीत, मेंढीचेच खातात. म्हणून बोल्हाईचे मटण म्हणजे मेंढीचे मटण. सुरी चालवणारा अनेकदा आपलाच कोणी खाटीक किंवा मुलाणी असतो. तो बिस्मिल्लाह म्हणून जनावर हलाल करतो आणि गिऱ्हाइकाच्या देवीचे पथ्यही सांभाळतो. त्यामुळे आपल्या तौहीदला बाधा आली असे त्याला वाटत नाही, की देवीच्या भक्ताला आपला नेम मोडला असे वाटत नाही. दोघांचाही व्यवहार सरळ आहे. हा सरळपणा कुठून आला, हे पाहायचे तर थोडे खोल खणावे लागते.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती, पण पुण्याच्या आसपासचा मुलूख त्यांनी पायी तुडवला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी या भागातल्या मातृदेवतांच्या ठाण्यांचा शोध घेतला आहे. गावाबाहेर, जुन्या पायवाटांच्या तिठ्यावर शेंदूर फासलेला तांदळा असतो, आणि त्याच्या आसपास अश्मयुगातल्या माणसाची गारगोटीची बारीक हत्यारे सापडतात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे गाव नंतर वसले, देवी आधीची. तिला देऊळ नव्हते, पुजारी नव्हता, बहुधा नावही नव्हते. विहिरीवरच्या साती आसरा, वेशीबाहेरची मरीआई ही त्याच घराण्यातली मंडळी.

आपल्या शेतकऱ्याने जमिनीची दोन नावे केली आहेत : काळी आणि पांढरी. पिकते ती काळी, माणसे राहतात ती पांढरी. चुलींची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती यांनी वस्तीची जमीन पांढुरकी होते. जुन्या महसुली कागदांतही ‘काळी पांढरी’ असा जोडशब्द येतो. पुराणवस्तू संशोधक जुने गाव हुडकताना नदीकाठची पांढरीची टेकाडे आधी पाहतात ती यामुळेच.

घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगावजवळ अशी पाच टेकाडे होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे बारा हंगाम उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे आख्खे गाव उजेडात आले. शंभराहून अधिक घरे, धान्याच्या कणग्या, भट्ट्या, नदीचे पाणी वळवून आणण्यासाठी खणलेला पाट. या उत्खननाचा अहवाल १९८८ साली निघाला. त्यावर तीन नावे आहेत : म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी. नेवासे, नावडातोली, आहाड, द्वारका या उत्खननांच्या अहवालांवरही अन्सारी हे नाव आहे. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचा इतिहास ज्यांनी मातीतून बाहेर काढला त्यांत एक अन्सारी होते, ही गोष्ट आपल्याच मुलांना ठाऊक नसते. पाठ्यपुस्तकात ती यायला हवी होती, असे मला वाटते.

इथल्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची डबी पुरलेली सापडली. डबीत आणि डबीवर मिळून दोन स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. एका मूर्तीला डोके आहे, दुसरीला नाही. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटात छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीवरही छिद्र आहे. मध्ये काडी घातली की ती बैलावर बसते. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १३००. या मूर्ती कच्च्या मातीच्या आहेत, भाजलेल्या नाहीत. कायमची पूजा करण्यासाठी त्या घडवल्या नसाव्यात. काही निमित्ताने करायच्या, कार्य झाले की मातीतच ठेवून द्यायच्या, अशी ही रीत दिसते. निमित्त काय असेल, याचा अंदाज त्याच घरांच्या जमिनीतून येतो. दगावलेली तान्ही मुले दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घरातच पुरत. अशी दफने इथे खूप सापडली. ज्या घरात इतकी मुले जात, तिथल्या बाईने मातीचीच आई करून मातीत ठेवली असेल, तर तिला अंधश्रद्ध म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. इनामगावची दफने उत्तर-दक्षिण आहेत, डोके उत्तरेला. आपल्याकडच्या कबरीही तशाच असतात. कारण अर्थातच वेगळे आहे. आपल्याला किब्ल्याकडे तोंड करायचे असते आणि तो इथून पश्चिमेला पडतो. पण माती दोघांनाही त्याच दिशेने घेते.

बिनशिराची ही बाई पुढे हजार-दीड हजार वर्षांनी लज्जागौरीच्या रूपात दगडात आलेली दिसते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८च्या ग्रंथात भूमी, वारूळ आणि गर्भ यांचे नाते उलगडले आहे. याच ढेऱ्यांनी १९६७ साली ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक लिहिले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

असे जगभर आहे. ग्रीकांची गाया आणि धान्याची डिमीटर, अँडीज पर्वतातली पाचामामा. तुर्कस्तानात मौलाना रूमींच्या कोन्या शहरापासून जवळच चाताल ह्युयुक हे आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचे गाव आहे. १९६१ साली जेम्स मेलार्ट यांना तिथे धान्याच्या कणगीत दोन श्वापदांवर हात टेकून बसलेल्या स्थूल स्त्रीची मूर्ती मिळाली आणि ‘आद्य महामाता’ म्हणून ती जगभर गाजली. पुढे १९९३पासून इयन हॉडर यांनी तिथे पुन्हा काम केले, तेव्हा दिसले की बहुसंख्य मूर्ती जनावरांच्या आहेत आणि एकच महामाता सगळीकडे पुजली जात होती याला आधार पुरेसा नाही. ही सावधगिरी इनामगावलाही लागू पडते. तरीही, पेरणारा माणूस जमिनीला आई म्हणतो एवढे उरतेच. एक्वादोरने २००८ साली आपल्या राज्यघटनेत पाचामामाचे हक्क लिहिले, बोलिव्हियाने २०१०मध्ये भूमातेच्या हक्कांचा कायदा केला. या दोन्ही देशांत बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत.

आता आपला प्रश्न. मुसलमानाने जमिनीला आई म्हणावे काय? १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने ‘वंदे मातरम्’ची पहिली दोनच कडवी राष्ट्रीय कार्यक्रमांत म्हणावीत असे ठरवले, कारण पुढे मातृभूमी थेट देवीच होते. तो वाद अजून मिटलेला नाही आणि दर काही वर्षांनी आपल्याला त्यात ओढले जाते. मला वाटते, या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. इबादत एका अल्लाहचीच, यात तडजोड नाही. पण नाते सांगणे म्हणजे इबादत नव्हे. कुरआनात माणूस मातीचा घडवलेला आहे आणि जमिनीला पाळण्याची उपमा आहे. पाणी नसेल तर मातीने तयम्मुम करून नमाज होते. म्हणजे मातीही पाक करणारी आहे. मक्केचे एक नाव उम्मुल कुरा, वस्त्यांची आई. सफा-मरवाच्या फेऱ्या ही तर ओसाड माळावर लेकरासाठी पाणी शोधणाऱ्या एका आईची, बीबी हाजराची आठवण आहे. आणि मयतीला आपण तीन मुठी माती देतो तेव्हा जे म्हणतो, त्याचा आशय हाच की हिच्यातून आलो, हिच्यातच जाणार. यवतचा मुसलमान शेतकरी ‘काळी आई’ म्हणतो तेव्हा तो हेच म्हणत असतो. त्याला फतवा विचारावासा वाटला नाही.

गावगाड्याने हे नाते कागदावरही आणले होते. ग्रँट डफने दिलेल्या बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, गुरव यांच्याबरोबर मुलाणाही आहे. देवीच्या जत्रेतला बकरा त्याने कापायचा आणि खळ्यावर धान्याचा हक्क घ्यायचा. काळीच्या पिकात त्याचा वाटा होता, पांढरीत त्याचे घर होते. भीमेपलीकडे श्रीगोंद्याला शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ याच मातीतल्या मराठीत लिहिला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १६३०च्या सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळले आणि गाढवाचा नांगर फिरवला. भूमीचा याहून मोठा अपमान शेतकऱ्याच्या कल्पनेत नाही. म्हणूनच जिजाबाई आणि बाल शिवाजीने सोन्याचा नांगर धरल्याची कथा लोकांनी जपली. मात्र गाढवाचा नांगर फिरवणारा सरदार होता मुरार जगदेव, विजापूरच्या मुसलमान बादशहाचा ब्राह्मण सरदार. यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वराच्या यादवकालीन देवळाभोवती दौलतमंगळ किल्ला बांधला तोही त्यानेच. त्या देवळात गणपतीचे स्त्रीरूप कोरलेले आहे. धर्माच्या दोन रकान्यांत हा इतिहास बसवायला जावे तर तो बसत नाही.

१ ऑगस्ट २०२५ रोजी याच यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून जाळपोळ, दगडफेक झाली. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लागली. अशा वेळी ‘ही भूमी कोणाची’ हा सवाल घोषणांतून येतो आणि त्याचे उत्तर मुलाण्याच्या वतनाकडे किंवा अन्सारींच्या अहवालाकडे कोणी मागत नाही. घोषणा थांबल्यावरही नदीतली वाळू उपसली जातच असते. उपसणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात.

इनामगावचा शेवट या संदर्भात वाचण्यासारखा आहे. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास पाऊस कमी होत गेला. गहू-बार्लीची शेती खालावली, मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, लोक पुन्हा शिकारीकडे आणि शेळ्या-मेंढ्यांकडे वळले. ७००च्या सुमारास त्यांनी गाव सोडले. डबीतल्या मूर्ती जमिनीखाली होत्या, त्या तिथेच राहिल्या.