टॉवर ब्रिजच्या पोटात: वाफ, पाणी आणि दोन तोंडांचा बॉयलर

लंडनचा टॉवर ब्रिज आपण सगळ्यांनी निदान फोटोत तरी पाहिलेला असतो. मी ऑनसाइटला होतो तेव्हा एका शनिवारी तो बघायला गेलो. दोन मनोरे, मधून दुभंगणारा रस्ता, सगळं छान. पण माझ्या डोक्यात राहिली ती नदीच्या दक्षिण काठावरची इंजिनरूम. आज तिच्याबद्दल बोलू.

आधी थोडा इतिहास. एकोणिसाव्या शतकात पूर्व लंडनची वस्ती प्रचंड वाढली आणि तिथे पूल हवा होता. पण उंच डोलकाठ्यांची जहाजं थेट लंडन ब्रिजपर्यंत येत, त्यामुळे ठेंगणा पूल बांधला तर बंदराचा धंदाच बसणार. म्हणून उघडणारा पूल ठरला. आराखडा होरेस जोन्स यांचा. 1886 मध्ये काम सुरू झालं, पुढच्याच वर्षी जोन्स वारले आणि इंजिनिअर जॉन वुल्फ बॅरी यांनी ते तडीस नेलं. 30 जून 1894 ला पूल खुला झाला.

रस्त्याच्या दोन उचलत्या भागांना बॅस्क्यूल म्हणतात. एकेकाचं वजन हजार टनांहून जास्त. मला वाटायचं, वाफेचं इंजिन त्यांना थेट खेचत असणार. तर तसं नाही! इंजिनं फक्त पाणी पंप करायची.

आपल्या सोसायटीची गच्चीवरची टाकी आठवा. छोटा पंप ती हळूहळू भरतो आणि सकाळी सगळे एकदम नळ सोडतात तेव्हा पाणी तयार असतं. इथेही तेच तत्त्व. 360 अश्वशक्तीची दोन इंजिनं पाणी ॲक्युम्युलेटरमध्ये ढकलायची. ॲक्युम्युलेटर म्हणजे एक उभा सिलिंडर, आत दट्ट्या आणि दट्ट्यावर भलंमोठं वजन. पाणी भरलं की वजन वर चढतं. जहाज आलं की झडप उघडायची, वजन खाली येतं आणि पाण्याला रेटतं. दाब 750 पीएसआय, म्हणजे मोटारीच्या टायरच्या वीसपटीहून जास्त. असे सहा ॲक्युम्युलेटर होते. शिवाय बॅस्क्यूलच्या मागच्या टोकाला प्रतिभार, त्यामुळे तो तोललेलाच असायचा. मिनिटभरात पूल उघडायचा.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र कोळसा आणि तो भट्टीत टाकणारी माणसं. बॉयलर लँकेशायर पद्धतीचे. लांबलचक आडवं पिंप आणि समोर शेजारी शेजारी भट्टीची दोन तोंडं. मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बघताक्षणी ते म्हणाले, "अरे, हा तर आप्पांचा बॉयलर!"

आप्पा म्हणजे माझे आजोबा. लालबागच्या एका गिरणीत फायरमन होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची, तेव्हा बाबांनी लहानपणी तो बॉयलर पाहिला होता. कापडगिरण्यांमध्ये हीच जात सर्रास वापरली जायची, मँचेस्टरला काय आणि मुंबईला काय.

टॉवर ब्रिजची वाफ 1976 मध्ये थांबली. तेल आणि वीज आली. जुनी इंजिनं मात्र जागच्या जागी ठेवली आणि 1982 मध्ये लोकांना बघायला खुली केली. त्याच वर्षी, 18 जानेवारीला, मुंबईत गिरणी संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. आप्पा परत कामावर गेले नाहीत आणि त्यांचा बॉयलर भंगारात गेला.

नवं तंत्रज्ञान येणारच. मी स्वतः जुन्या सिस्टिम बदलण्याचाच पगार घेतो. पण टॉवर ब्रिजच्या आधुनिक यंत्रणेतही बॅस्क्यूल फिरवणारं शेवटचं दातेरी चाक अजून जुनंच आहे. जे चालतंय ते चालू ठेवलं, जे थांबलं ते जपलं. म्हणून माझ्या बाबांना चाळीसेक वर्षांनी आप्पांची कामाची जागा दिसली, तीही लंडनमध्ये. आपल्याकडे ती लालबागमध्ये दिसायला हवी होती.

तुमच्या घरी कोणी गिरणीत होतं का? त्यांना त्यांच्या यंत्राबद्दल विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!