बाबागाडीची घडी

मनुष्याच्या वापरांतील वस्तूंचा इतिहास लिहितांना इतिहासकारांचें लक्ष साहजिकच तलवारींकडे, नाण्यांकडे आणि ताम्रपटांकडे जातें. लहान मुलाला बसवून ढकलण्याची गाडी त्या पंक्तींत बसण्याच्या योग्यतेची आहे असें फारसें कोणास वाटणार नाहीं. परंतु घरांतील वस्तु घरांतील माणसांविषयीं अधिक खरें बोलतात असा आमचा समज आहे. आणि त्या दृष्टीनें पाहिलें असतां बाबागाडीइतकी बोलकी वस्तु क्वचितच सांपडेल. प्रवासास निघणाऱ्या आजच्या कुटुंबापुढें मिटणाऱ्या गाड्यांचे इतके प्रकार मांडलेले असतात कीं, त्यांतून कोणती घ्यावी याचा उलगडा होत नाहीं. तो उलगडा विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षां या गाडीच्या सुमारें तीनशें वर्षांच्या इतिहासांतून अधिक चांगला होतो, असें आम्हांस वाटतें.

या इतिहासाचा आरंभ बहुधा इंग्लंडांतील एका सरदारी उद्यानांत मानण्यांत येतो. इ. स. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या नामांकित वास्तुशिल्पज्ञानें डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठीं एक गाडी तयार केली. तिचा आकार शिंपल्यासारखा होता आणि ती एखाद्या लहान जनावरानें ओढावयाची होती. मुलाला एका गांवाहून दुसऱ्या गांवास नेणें हा तिचा हेतु नव्हता. उद्यानांतल्या उद्यानांत हिंडवून त्याचें मन रमवावें एवढेंच तिचें काम. रस्ता घरचा, जनावर घरचें, नोकर घरचे. जिला ठेवावयास तबेला आहे त्या गाडीची घडी करण्याची कल्पना कोणास सुचणार?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या गाडीच्या जीवनांत पहिली मोठी क्रांति झाली. ओढण्याच्या दांड्या जाऊन ढकलण्याची मूठ आली. जनावर गेलें, त्याच्या जागीं माणूस आला; आणि मूल पाठीमागें न राहतां डोळ्यांसमोर आलें. ‘पेरँब्युलेटर’ हें नांव याच काळांत रूढ झालें. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ हिंडणें-फिरणें असा आहे. म्हणजे शब्दाकडे पाहिलें तर हें नांव गाडीचें नसून फिरणाऱ्या माणसाचें आहे. १८७७ सालीं विल्यम विल्सन यानें लीड्स शहरीं ‘सिल्व्हर क्रॉस’ हा कारखाना काढला. त्या काळच्या उत्तम गाड्या म्हणजे लहानशा बग्ग्याच होत्या. मोठालीं चाकें, पोलादी कमानी, खोल पेटी आणि वर टप, असा त्यांचा थाट असे. गाडी जितकी जड तितकें घराणें मोठें, असा त्यांतला अलिखित हिशेब होता. अर्थात् ती पायऱ्यांवरून उतरविणें हें काम दाईचें किंवा नोकराचें असल्यामुळें मालकिणीस तिच्या वजनाचा प्रत्यय येण्याचें कारण नव्हतें. १८८९ च्या जून महिन्यांत विल्यम एच. रिचर्डसन या आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन संशोधकानें या गाडीच्या सुधारणेचें पेटंट मिळविलें. त्यानें पेटी फिरवितां येईल अशी रचना केली. त्यामुळें मुलाचें तोंड हवें तेव्हां ढकलणाऱ्याकडे व हवें तेव्हां रस्त्याकडे करतां येऊं लागलें. युक्ति साधी, परंतु तिच्यामागें एक विचार होता. मूल हें केवळ ओझें नाहीं. त्यालाही आपल्या माणसाचा चेहरा पाहण्याची इच्छा असते.

आपल्या देशांत ही गाडी इंग्रजी अमदानींत साहेबांच्या बंगल्यांतून दिसूं लागली. अँग्लो-इंडियन घरांतून मुलांना ‘बाबालोग’ म्हणत, आणि लहान मुलास लाडानें ‘बाबा’ म्हणण्याची चाल आपल्यांतही होतीच. तेव्हां ‘बाबागाडी’ हें नांव मराठीला परकें वाटलें नाहीं. वस्तु मात्र बराच काळ परकीच राहिली. आपली गाडी म्हणजे पांगुळगाडा. पांगुळगाडा मूल ढकलतें. बाबागाडींत मूल ढकललें जातें. पहिली चालावयास शिकविते, दुसरी चालण्याचे श्रम वांचविते. शिवाय एकत्र कुटुंबांत मूल घेण्यास आजी, आत्या, काकू असे अनेक हात असत. आणि वाड्याच्या बोळांतून किंवा चाळीच्या जिन्यावरून चार चाकें नेणार तरी कशीं? आमच्या मतें घडी घालण्याच्या गाडीचा खरा पूर्वज आपल्याकडे कोणता असेल, तर तो जुन्या लुगड्याची झोळी होय. शेताच्या बांधावर, झाडाच्या फांदीला ती बांधली कीं पाळणा झाला. सोडली कीं पुनः कापड झालें. मात्र या प्रशंसेंत आपण एक गोष्ट विसरूं नये. झोळीला वजन नसतें, मुलाला असतें. आणि तें वजन पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या कमरेनें वाहिलें आहे.

पाश्चात्य देशांत मिटणाऱ्या गाड्या विसाव्या शतकाच्या आरंभींच निघाल्या होत्या. लोखंडी सांगाडा व कापडी बैठक अशा त्या असत. तथापि गाडीच्या रचनेचें मुख्य सूत्र म्हणून घडीकडे पाहण्याची निकड भासली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. या काळांत मध्यमवर्गाच्या घरांतून नोकर नाहींसे झाले, बंगल्यांच्या जागीं मजल्यांचीं घरें आलीं, बस आणि मोटार नित्याची झाली आणि पुढें विमानही सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत आलें. गाडी ढकलणारी आई आतां एकटी होती. एका हातीं मूल, दुसऱ्या हातीं सामान, आणि पुढें जिना. सिल्व्हर क्रॉसची बग्गी या चित्रांत कोठेंच बसत नव्हती.

हें कोडें सोडविलें तें एका विमानविद्येच्या जाणकारानें. ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे अभियंते व चाचणी-वैमानिक होते. स्पिटफायर या युद्धांतल्या प्रसिद्ध विमानाच्या, पंखांत मिटणाऱ्या चाकांच्या रचनेशीं त्यांचा संबंध होता. परदेशांतून विमानानें आलेल्या आपल्या मुलीची, नातवंडाची जड गाडी सांभाळतांना होणारी तारांबळ त्यांनीं पाहिली. विमानाचें चाक उतरतांना बाहेर येतें, सर्व भार पेलतें आणि काम होतांच आंत मिटून जातें; मग मुलाच्या गाडीनें तसें कां करूं नये? त्यांनीं अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्या एकमेकींस फुलीसारख्या जोडल्या व मध्यें कापडाची बैठक ताणली. मूठ जवळ ओढली कीं सांगाडा रुंदींत व खोलींत एकाच वेळीं मिटे आणि छत्रीसारखी लांब काठी हातीं राही. १९६५ सालीं त्यांनीं पेटंटचा अर्ज केला आणि १९६७ सालीं गाडी विक्रीस आली. तिचें वजन सुमारें ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास होतें. ड्यूकच्या शिंपल्यापासून या छत्रीपर्यंतचें अंतर कालाच्या मोजमापानें सव्वादोनशें वर्षांहून अधिक आहे. परंतु खरें अंतर आहे तें तबेल्यापासून खांद्यापर्यंतचें.

तथापि कोणतीही घडी फुकट मिळत नाहीं. वजन कमी करण्यासाठीं चाकें लहान करावीं लागतात, आणि चाक जितकें लहान तितका रस्त्यावरचा खड्डा त्याला मोठा. कमानी गेल्या कीं हिसके मुलाच्या अंगावर येतात. कापडाची बैठक झोळीसारखी वांकते. म्हणून मान न धरलेल्या बाळास ती चालत नाहीं. गाडी हलकी असल्यामुळें मुठीस जड पिशव्या अडकवून मूल उचलतांच ती मागें उलटते. आणि सर्वांत मोठी किंमत असते ती बिजागरीची. जेथें मिटतें तेथें चिमटतें, हा नियम अडकित्त्याला जसा लागू तसाच गाडीलाही. २००९ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतून मॅक्लारेनच्या सुमारें १० लक्ष गाड्यांसाठीं बिजागरीवर बसविण्याचीं आच्छादनें देण्याची पाळी आली. कारण गाडी उघडतांना बिजागरींत सांपडून मुलांच्या बोटांचीं टोकें तुटल्याच्या १२ घटनांची नोंद तेथें झाली होती. ज्या युक्तीनें आईचा हात मोकळा केला तिनेंच मुलाचें बोट धोक्यांत आणावें, हा या इतिहासांतील सर्वांत कटु धडा आहे.

२०१२ सालीं या कथेंत दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समधील ‘बेबिझेन’ या कंपनीनें ‘योयो’ नांवाची गाडी बाजारांत आणली. तिची घडी काठीसारखी लांब नसून पेटीसारखी आटोपशीर होती: ५२ × ४४ × १८ सेंटिमीटर, वजन सुमारें ६ किलो. म्हणजे वजनानें ती मॅक्लारेनच्या पहिल्या गाडीच्या दुप्पट जड. पण विमानांत आसनावरील कप्प्यांत मावण्याजोगी. हलकेपणापेक्षां आकार महत्त्वाचा ठरला, कारण प्रवासाची अडचण बदलली होती. दुसरी गोष्ट इंग्लंडांत घडली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत वेदरबीहून लीड्सला जाण्यासाठीं डग पॉली नांवाचे गृहस्थ आपल्या चाकांच्या खुर्चींतून बसमध्यें चढूं लागले. चाकांच्या खुर्चीसाठीं राखलेल्या जागेंत एका बाईची बाबागाडी होती व तींत मूल झोंपलें होतें. गाडी मिटविण्याची विनंति झाली तेव्हां ती मिटत नाहीं असें बाईंनीं सांगितलें, आणि पॉलींना मागें राहावें लागलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. जानेवारी २०१७ मध्यें न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, चालकानें केवळ विनंति करून स्वस्थ बसणें पुरेसें नाहीं. नकार अवाजवी दिसल्यास त्यानें आणखी आग्रह धरला पाहिजे. मात्र त्या प्रवाशास बसमधून उतरविलेंच पाहिजे, इतकें बंधन न्यायालयानें घातलें नाहीं. ज्या लीड्समध्यें भव्य बग्ग्यांचा कारखाना निघाला होता त्याच लीड्सच्या वाटेवर, न मिटणाऱ्या एका गाडीमुळें दोन गरजवंत समोरासमोर उभे राहिले. घडी ही सोय खरी. परंतु सार्वजनिक जागेंत ती शेजारधर्मही आहे.

आतां निवडीचा प्रश्न. वरील इतिहास लक्षांत घेतल्यास ‘उत्तम गाडी कोणती?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, असें दिसून येईल. ‘आमच्या वाटेंत गाडी कोणाला, कोठें आणि किती वेळ उचलावी लागणार?’ असा प्रश्न करावा. मूल गाडींत असतें तेव्हां बहुतेक सर्व गाड्या चांगल्याच वाटतात. मूल कडेवर असतें तेव्हां गाडीची परीक्षा होते. म्हणून दुकानांत मूल एका हातीं घेऊन दुसऱ्या हातानें गाडी मिटवून पाहावी व ती उचलून एक जिना चढावा. मिटलेली गाडी आपोआप उघडूं नये व उघडलेली मिटूं नये यासाठीं खटके पक्के आहेत कीं नाहींत, बिजागऱ्या झांकलेल्या आहेत कीं नाहींत, आणि खांद्यांवरून व मांड्यांमधून येणारा पट्टा आहे कीं नाहीं, हें पाहावें. मूल सहा महिन्यांच्या आंतलें असेल, तर पाठ जवळजवळ सपाट होणारी बैठकच घ्यावी.

विमानाच्या मापाविषयीं दोन शब्द. भारतांतील अनेक विमान कंपन्या हातांतील सामानाची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटर धरतात. वर सांगितलेल्या घडीची बेरीज ११४ भरते. तथापि ज्या कंपनीनें रुंदी ४० सेंटिमीटर ठरविली असेल तिच्या सांचांत ४४ सेंटिमीटर बसत नाहींत. तेव्हां गाडीच्या जाहिरातीवर विसंबून न राहतां तिकिटाच्या कंपनीचे नियम पाहावे. शिवाय बहुतेक कंपन्या गाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊं देतात व तेथें आपल्या ताब्यांत घेतात. एवढ्यानें भागत असेल तर केवळ कप्प्यांत मावते म्हणून दुप्पट मोल कां द्यावें? ज्यांना मधल्या स्थानकावर विमान बदलून दीर्घ काळ चालावें लागतें त्यांची गोष्ट वेगळी. आणि जेथें पदपथ तुटलेले, स्थानकाचे जिने उंच व गर्दी दाट, अशा आपल्या शहरांतून लहान चाकांची गाडी पावलोपावलीं अडते. तेथें मूल अंगाशीं बांधण्याची कापडी झोळीच बरोबर असूं द्यावी. प्रवास विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर संपत नाहीं. तो मामाच्या घराच्या पायरीशीं संपतो.

एक गोष्ट शेवटीं सांगण्यासारखी आहे. ही गाडी मुलाच्या नांवानें घेतली जाते, पण तिची घडी मोठ्यांसाठीं असते. जी गाडी आईला एकटीनें उचलतां येते ती तिला घराबाहेर पडण्याची मोकळीक देते. जी येत नाहीं ती कितीही देखणी असली तरी माळ्यावर पडते. घरांतील पुरुषानें गाडी निवडावी आणि बाईनें ती वाहावी, ही वांटणी ड्यूकच्या काळीं शोभली असेल. आज निवडणाऱ्यानेंही ती एकदां जिन्यावरून वाहून पाहावी, म्हणजे निवड बहुधा चुकणार नाहीं.