तेजी ओसरल्यावर उरते ते

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एका मातेने मला देवळाच्या प्रांगणात गाठले. तिचा मुलगा संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "फादर, सगळे यंत्रच करू लागले, तर माझ्या लेकराच्या शिक्षणाचे चीज होईल का?" माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. मात्र इतिहास चाळताना ध्यानात आले, की कृत्रिम बुद्धिमत्तेची ही तेजी पहिली नव्हे. आधीच्या तेजींतून समाजाच्या पदरी काय पडले, हे पाहिल्यास आजच्या तेजीचे मोल ठरविणे सुकर होईल.

१९५४ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे आयबीएम कंपनी व जॉर्जटाउन विद्यापीठ यांनी संगणकाकडून साठाहून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करवून दाखविले. यंत्राला ठाऊक असलेले शब्द अवघे २५० आणि व्याकरणाचे नियम सहा! तरीही तीन ते पाच वर्षांत भाषांतराचा प्रश्न सुटेल, असे सांगण्यात आले. तो शीतयुद्धाचा काळ होता. अमेरिकन सरकारने सढळ हाताने पैसा दिला. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ महाविद्यालयात जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की प्रभृती संशोधक एकत्र आले आणि 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे या विद्याशाखेचे नाव रूढ झाले.

दहा वर्षांनी, १९६६ साली, अमेरिकन सरकारनेच नेमलेल्या समितीने हिशेब मांडला : यंत्राचे भाषांतर माणसाच्या भाषांतरापेक्षा मंद, सदोष आणि दुप्पट महाग. अनुदान आटले. १९७३ मध्ये सर जेम्स लाइटहिल यांच्या अहवालाने ब्रिटनमधील संशोधनावरही तीच पाळी आणली. १९८२ मध्ये जपानने 'पाचव्या पिढीच्या संगणका'चा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला. दहा वर्षांनंतर त्याची मोठी स्वप्ने अपुरीच राहिली होती. मंदीच्या अशा कालखंडांना अभ्यासक 'हिवाळा' म्हणतात. मर्यादित प्रयोगाच्या यशावरून अमर्याद आश्वासने दिली गेली, हे या हिवाळ्यांचे मुख्य कारण होय.

याच काळात एका संशोधकाने निराळाच प्रश्न उपस्थित केला. जोसेफ वायझेनबॉम हे १९२३ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले. नाझी राजवटीतून निसटून हे कुटुंब १९३६ मध्ये अमेरिकेत आले. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाची संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करीत ती माणसाचेच शब्द फिरवून त्याला प्रश्न विचारी. तिला काहीच समजत नसे. परंतु वायझेनबॉम यांची सेक्रेटरी तिच्याशी 'बोलू' लागली आणि थोड्याच वेळात तिने त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! निर्माताच अस्वस्थ झाला. १९७६ मध्ये ग्रंथ लिहून त्यांनी बजावले, की यंत्राला जमत असली तरी काही कामे त्याच्याकडे सोपवू नयेत. कारण गणना यंत्र करील, पण निवड करणे आणि तिचे उत्तरदायित्व घेणे हे माणसाचेच काम आहे.

आजच्या तेजीचा पाया २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठात घातला गेला, असे म्हणता येईल. तेथील जेफ्री हिंटन व त्यांच्या दोन शिष्यांच्या प्रणालीने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि पैशाचा पूर लोटला. यंत्राच्या चिप बनविणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीचे बाजारमूल्य ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटी डॉलर झाले.

पण बाजारमूल्य म्हणजे समाजमूल्य नव्हे. लंडनच्या डीपमाइंड संस्थेतील डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांनी प्रथिनांच्या रचनेचे अनुमान करणारी प्रणाली घडविली, २० कोटींहून अधिक रचना संशोधकांना विनामूल्य खुल्या केल्या आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. येथे प्रश्न नेमका होता, उत्तर प्रयोगशाळेत पडताळता येत होते आणि लाभ अनेकांचा होता. दुसऱ्या बाजूस, चॅटजीपीटीला सभ्य भाषेचे वळण लावण्यासाठी नैरोबीतील तरुणांनी ताशी दोन डॉलरहून कमी मजुरीवर अत्यंत किळसवाणा मजकूर तासन् तास वाचून छाटला. त्यांचे श्रम कोणत्या ताळेबंदात दिसतात?

१८९१ मध्ये तेराव्या लिओ पोपमहोदयांनी 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात गिरणीकामगारांच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. १० मे २०२५ रोजी चौदाव्या लिओंनी आपल्या नावाचे कारण सांगताना त्याच परिपत्रकाचे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांपुढे उभ्या राहिलेल्या आव्हानांचा उल्लेख केला.

त्या मातेला मी आता एवढेच सांगेन : बाई, मुलाला शिकू द्या. पण शिकताना त्याने तीन प्रश्न सोडू नयेत. सांगितलेले काम यंत्र खरोखरच करते का? त्यासाठी घाम कोणाचा आणि लाभ कोणाचा? आणि हे काम यंत्राकडे द्यावे का? हिवाळा पुन्हा येवो वा न येवो, हे प्रश्न विचारणाऱ्या माणसाची गरज समाजाला राहणारच.